माझ्या वाटची काळी पुडी

मला किळस लवकर येते, आणि आली की जात नाही. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्यातलं पाणी मी तहानेनं जीव चालला तरी पिणार नाही. पंगतीला बसले की शेजारणीच्या बोटांकडे पाहत नाही. बोलता बोलता कोणी दंडावर हात ठेवला की तो हात संध्याकाळपर्यंत तिथंच असतो. आता अशा बाईच्या कपाळी देवानं नोकरी कोणती लिहावी, तर एसटीतल्या कंडक्टरची. खामगाव ते अकोला, अकोला ते खामगाव. लग्नसराईत खिडकीतून ओकणाऱ्या बाया, जिभेला बोट लावून नोटा सुट्या करणारे म्हातारे, सीटखाली खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, आणि मे महिन्यात साठ माणसांच्या घामातून अंग घासत मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जायचं. "नाकं मुरडत होती न लहानपनी," माय म्हणायची, "म्हनून त्यानं तुले बरोबर तिथंच टाकलं."

घरात आम्ही दोघीच, माय आणि मी. बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझं लग्न झालं आणि मोडलं, त्याचं इथं काही काम नाही. मायचं माझ्याबद्दल एक कायमचं मत होतं की ही पोरगी काही म्हणून शेवटाला नेत नाही. त्याला पुरावाही होता. लग्नाआधी तिनं मला सोळा सोमवार धरायला लावले होते. तिसऱ्या की चौथ्या सोमवारी मी कॉलेजसमोर उभी राहून कचोरी खाल्ली आणि वर घरी येऊन सांगितलं. पुढच्या सोमवारपासून माय स्वतः उपाशी राहू लागली, आणि सगळे सोमवार संपल्यावर माझ्या नावानं उद्यापन करून मोकळी झाली. धरलेलं व्रत अर्धवट सोडलं की ते घरावर उलटतं, आणि एकानं सोडलं तर घरातल्या दुसऱ्यानं ते पुरं करावं, हा तिचा कायदा. पुढे मार्गशीर्षातले गुरुवार धरले, तेही तिनंच निस्तरले. मला ते फार सोयीचं होतं. उपास तिचा, पुण्य माझं.

तर पोटऱ्या. उभ्यानं नोकरी करणाऱ्या बाईच्या पोटऱ्या दुखणारच, त्यात काही नवल नाही. पण त्या वर्षी त्या इतक्या दुखू लागल्या की शिफ्ट संपल्यावर डेपोतून रिक्षापर्यंत जाणं जिवावर यायचं. आणि आपल्याकडे दुखणं एकट्याचं राहतच नाही. तिकीट घेता घेता लोक इलाज सांगतात. एक म्हणे तिळाचं तेल, दुसरा म्हणे उंटाचं दूध, तिसऱ्याला मेहुण्याच्या सासूचा अनुभव. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी सगळ्यांना "पुढं सरका" एवढंच उत्तर द्यायची.

आमच्या रूटवर खामगाव सोडलं की थोड्या वेळानं एक फाटा लागतो. गुरुवारी तिथं अर्धी गाडी रिकामी व्हायची. लंगडणारे, वाकलेले, गुडघ्याला फडकं बांधलेले सगळे तिथं उतरायचे, कारण फाट्यापासून आत एक रिटायर मास्तर वाताचं औषध देत. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. पैसे घेत नसत. फुकट ते पौष्टिक, म्हणून गर्दी. मी त्या लोकांना तिकीट देताना मनातल्या मनात हसायची, आणि एका गुरुवारी सुट्टी टाकून, मायच्या रोजच्या टुमण्याला कंटाळून, मीच तिथं उतरले.

गुरुजींचं घर स्वच्छ होतं, ते स्वतः पांढरेशुभ्र, बोलणं शाळेतल्या पुस्तकासारखं. "ताई, हे औषध नाही, ही सेवा आहे," म्हणाले. मग त्यांनी दूध पावडरच्या जुन्या डब्याचं झाकण काढलं. आत काळी भुकटी होती, काजळासारखी मऊ. आणि ती मोजायला त्यांनी करंगळी आत घातली. त्या करंगळीचं नख त्यांनी खास वाढवलेलं होतं, पिवळं, जाड, टोकाशी वळलेलं, आणि कडेला आधीच्या सगळ्या रोग्यांची भुकटी बसून काळं झालेलं. नखावर मावेल तेवढा एक डोस. कागद सुटा करायला बोट जिभेला लावायचं, कागदावर नख झटकायचं, पुडी बांधायची, पुन्हा बोट जिभेला. मी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं.

"पहाटे मधात कालवून घ्यायचं, सव्वा महिना," गुरुजी म्हणाले. "आणि मध्ये सोडायचं नाही. एकदा घेतलं की पुरं करायचं. सोडलं तर उलटतं."

माय माझ्यासोबत होती. "उलटतं" म्हटल्याबरोबर तिनं हात जोडले. मी ते खाल्लं का, असं लोक आता विचारतात, एवढा नाकाचा शेंडा वर असलेली बाई तू. खाल्लं. कारण पाय दुखत होते. दुखणं किळसेच्या वर असतं, हे ज्याचं दुखलं नाही त्याला कळत नाही. पहाटे मी नाक दाबून ते काळं चाटण गिळायची आणि त्या नखाचा विचार येऊ नये म्हणून नळ सोडून भांडी घासायला बसायची.

पहिले काही आठवडे पाय खरंच हलके वाटले, की वाटायला पाहिजेत म्हणून वाटले, देव जाणे. मग एक दिवस मोजे काढताना मला माझी पोटरी दिसली. ती हलत होती. मी हलवत नव्हते, पाय जमिनीवर टेकलेला होता, आणि कातडीच्या आत काहीतरी सरपटत होतं. एका जागी फुगवटा येई, जाई, बाजूला दुसरा येई. मेलेल्या जनावरात अळ्या पडल्या की कातडं जसं वळवळतं तसं. मी ते पाहिलेलं आहे, रस्त्याच्या कडेला, गाडी पंक्चर असताना. मी पायावर टॉवेल टाकला. टॉवेलही हलत होता.

गुरुजींना दाखवलं तर त्यांचा चेहरा खुलला. "उत्तम. वात सुटला. बाहेर निघतो आहे तो," म्हणाले, आणि एका नखाची दोन नखं केली, वर आणखी सहा महिन्यांच्या पुड्या बांधून दिल्या. त्यांनी मला बाकीच्या रोग्यांपुढे उभं करून पोटरी दाखवायला लावली. एक बाई वाकून बघत होती, तिच्या तोंडाचा वास माझ्या गुडघ्यापर्यंत येत होता. मी दाखवली. माझ्यातली खाकी वर्दी, माझं नाक, माझी जीभ, सगळं त्या वेळी कुठं गेलं होतं कोण जाणे.

आमच्या भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण तर रोज यायची. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून तिला माझ्या पायांत फार रस. "दाखव न वं," म्हणायची, आणि मी दाखवायच्या आत पातळ वर करून पोटरीवर बोटं टेकवायची. "माय वं, कसं चालून राह्यलं पाह्य. निघून राह्यला वात."

वात काही निघाला नाही. निघालं ते माझं पाणी. इतका घाम की अंगावरची वर्दी दोन फेऱ्यांत मिठानं पांढरी व्हायची आणि वास यायचा, आंबट, गोठ्यासारखा. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या वासाला नाक धरलं, तिच्या शेजारची सीट आता लोक सोडून बसायचे. एक पोरगी तोंडाला ओढणी लावून आईला म्हणाली, "मम्मी, कंडक्टरचा वास येऊन राह्यला." मी तिला तिकीट दिलं. तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळायचे. तिकिटाच्या मशीनवर मूठ आवळली की बोटं लवकर उघडायची नाहीत. दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवावं लागायचं. झोप तर पार उडाली. आणि झोप नसलेल्या डोक्यात काय काय येतं म्हणून सांगू. भर दुपारी आमच्या स्वयंपाकघरात मला पॅसेंजर उभे दिसायचे, आणि मी त्यांना आत सरका, आत सरका म्हणायची. माय भाकरी थापायची थांबायची आणि नुसती माझ्याकडे बघायची.

गावातल्या डॉक्टरनं आधी कॅल्शियम दिलं, मग टेन्शन घेऊ नका म्हणाला. टेन्शन घेऊ नका हे औषध ज्यानं शोधलं त्याला माझ्या गाडीत लग्नसराईत उभं केलं पाहिजे. शेवटी एक दिवस मशीनवर आखडलेला माझा हात डेपोच्या साहेबांनी पाहिला. ते सरळ म्हणाले, "मॅडम, फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा, तोवर ड्युटी नाही." नोकरी गेली तर आम्ही दोघी खाणार काय, हा प्रश्न मग आमच्या घरात चुलीपाशी बसून राहिला. म्हणून अकोला. ज्या गाडीत तिकिटं फाडली त्याच गाडीत पॅसेंजर होऊन.

तिथल्या नसांच्या डॉक्टरीनबाई माझ्यापेक्षा लहान, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोटरीला हात लावला नाही, आधी नुसतं बघितलं, आणि एवढ्यावरूनच मला त्या आवडल्या. मग एक बारीक सुई माझ्या पोटरीत टोचून ती मशीनला जोडली. मी पाय सैल सोडलेला, आणि मशीनमधून आवाज येत होता, एसटीच्या पत्र्याला खालून खडी लागते तसा, तडतड, तडतड, थांबायचं नाव नाही.

"तुमचे स्नायू ठीक आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे येणाऱ्या नसा शांत बसत नाहीयेत. नस एकदा पेटली की तिला विझवायची सोय शरीरात असते. तुमच्याच रक्तातले पहारेकरी त्या सोयीवर उलटलेत."

मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. माझ्या अंगात कोणीतरी थांबायची घंटी तोडून टाकली होती आणि दोरी धरून नुसती डबल बेल मारत सुटलं होतं. रक्त तपासायला बाहेर पाठवलं, आणि त्यात ते उलटलेले पहारेकरी सापडले. आजाराचं नाव इंग्रजी, लांबलचक, माझ्या जिभेवर अजून नीट बसत नाही.

"काही देशी औषध, भस्म, पुडी वगैरे घेत होता का?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, असल्या काळ्या भुकट्यांमध्ये पुष्कळदा पारा असतो, आणि पारा पोटात गेलेल्या माणसांमध्ये हा आजार त्यांनी आधीही पाहिलाय. त्यानंच झालं असं त्या छातीठोक सांगणार नाहीत, पण लघवी तपासू. तपासली. पारा निघाला, जितका अंगात असायला नको तितका निघाला.

पारा. आमच्या शाळेत थर्मामीटर फुटलं होतं तेव्हा बाईंनी सगळ्या पोरींना वर्गाबाहेर काढलं होतं, हात लावू नका म्हणून. ते मी नखानं मोजून, मध लावून चाटत होते. आणि नस तडतडायला लागली तेव्हा लोकांनी हात जोडले की औषध लागू पडलं. मला तिथं खुर्चीतच उलटी आली.

मायला मी तिथंच सांगितलं, घरच्या साऱ्या पुड्या फेकून दे. बाई म्हणाल्या की एखादी पुडी आणा, तपासून घेऊ. पुढच्या खेपेला माय म्हणाली, "फेकून देल्ल्या वं साऱ्या. उकिरड्यावर टाकल्या." मी म्हटलं, बरं झालं, ब्याद गेली.

मग मला भरती केलं. मानेत जाडी नळी घातली. त्या नळीतून रक्त एका मशीनमध्ये जायचं, मशीन त्यातलं पाणी वेगळं काढायचं, आणि तांबडं तेवढं दुसऱ्या स्वच्छ पाण्यात घालून मला परत द्यायचं. ते काढलेलं पाणी बाजूच्या थैलीत साठायचं. पिवळं, फेसाळ, तुपकट. ते मी होते. माझ्यातले उलटलेले पहारेकरी, आणि आणखी काय काय. मला ते बघवायचं नाही आणि नजर तर तिकडेच जायची. एक दिवस आड असं बऱ्याचदा झालं. सोबत स्टेरॉईड, आणि फिटच्या रोग्यांना देतात त्या गोळ्या, नसा गप्प करायला. माझं तोंड फुगून भोपळा झालं. पण घाम थांबला. आणि एका दुपारी मला झोप लागली, साधी झोप, माणसाला लागते तशी, आणि उठल्यावर उशीवर लाळ सांडलेली होती. स्वतःच्या लाळेची किळस न आलेला माझ्या आयुष्यातला तो एकच दिवस.

घरी आले. हळूहळू पोटऱ्या निवल्या. डेपोनं मला चौकशीच्या खिडकीत बसून काम दिलं. तिथं माझ्या आणि लोकांच्या मध्ये काच होती, तेव्हा मला तर बढतीच मिळाली.

उन्हाळा लागला. खामगावचा उन्हाळा, त्यात म्हातारं माणूस घामाघूम झालं तर कोण बघतं. माय दिवसातून दोनदा चोळी बदलायची. जेवण झालं की पाय बादलीत बुडवून बसायची. मी म्हटलं, काय झालं, तर म्हणाली, "आग होते वं. उन्हाळ्याची." मी कधीही जागी झाले की ती जागीच असायची. "म्हातारपनी झोप कमीच असते," म्हणायची. खरंच असते, म्हणून मी कूस बदलायची. मीच, जिनं हे सगळं स्वतःच्या अंगावर काढलं होतं.

एके दिवशी मी कामावरून घरी आले तर माय ओट्यावर ज्वारी पाखडत होती. गरमीनं तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं. मी चपला काढल्या, पाणी प्यायला आत जायला निघाले, आणि माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. तिची पोटरी वाळलेली, शिरा दिसणारी. आणि तिच्यात ते सरपटत होतं.

मी तिथंच खाली बसले. तिनं झटकन लुगडं खाली ओढलं.

"काय खाल्लं?" मी विचारलं.

"काई नाही."

"माय, काय खाल्लं?"

ती सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "तुह्या वाटचंच राह्यलं होतं. मधातच सोडलं तू. त्यायनं सांगतलं होतं न, उलटते म्हनून. घरातल्या कोनीतरी पुरं कराले पाह्यजे. तू दवाखान्यात पडेल, तुह्यावर उलटलं असतं त?"

देवघरात, देवांच्या मागं, स्टीलच्या डबीत पुड्या होत्या. गुरुजींनी माझ्यासाठी बांधलेल्या, दोन-दोन नखांच्या. मी दवाखान्यात नळी लावून पडले तेव्हापासून ती घरी रोज पहाटे एक खात होती, माझ्या नावानं, माझ्यासाठी. मशीन माझ्या अंगातलं विष काढत होतं आणि इकडं ही ते स्वतःत भरत होती, हात जोडून. औषध आणि व्रत यांत तिला फरकच माहीत नव्हता, आणि तो सांगावा असं मलाही कधी वाटलं नव्हतं. मला तिची किळस आली. हे सांगायला जीभ जड होते, पण आली. तिच्या भोळेपणाची, त्या डबीची, तिच्या बोटांना लागलेल्या मधाची. मग त्या नखाची, आणि त्या पांढऱ्याशुभ्र माणसाची आली, ती अजून गेली नाही.

"चाल," मी म्हटलं. "उद्याच अकोल्याले जाचं."

माय हलेना. पायाची आग चालेल, झोप नसली तरी चालेल, पण अजून पुड्या उरल्यात आणि त्या पुऱ्या झाल्याशिवाय ती दवाखान्याची पायरी चढणार नाही. मी ओरडले, रडले, पाऱ्याचं सांगितलं, तिनं न पाहिलेल्या माझ्या पिवळ्या थैलीचं सांगितलं. शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गरिबीनं विचारलं, "मंग आता माह्या वाटचं कोन पुरं करीन?"

घरात आम्ही दोघीच. मी म्हटलं, "मी करीन."

"खरंच?"

"हाव. डबी दे माह्यापाशी."

तिनं डबी दिली. दुसऱ्या दिवशी ती गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली, आणि तिचा पाय माझ्या पायाला लागून धडधडत होता. फाटा आला. गुरुवार होता, अर्धी गाडी उतरली. ड्युटीवरची पोरगी माझ्या ओळखीची, तिनं घंटी दिली आणि गाडी निघाली. अकोल्याला पोचल्याबरोबर मायला बाहेर बाकावर बसवून मी डबी डॉक्टरीनबाईंच्या टेबलावर ठेवली. पुढं तपासणीत काय निघालं ते सांगायची गरज नाही.

मायला तेच सगळं करावं लागलं, सुई, नळी, थैली. वय झालेलं, म्हणून बाई म्हणाल्या की काही सांगता येत नाही. मी तिच्या खाटेजवळ खाली चादर टाकून राहिले. पहिल्या दिवशी ती बराच वेळ त्या थैलीकडे बघत राहिली, पिवळं पाणी वर चढताना. त्यानंतर रोज सकाळी डोळे उघडले की तिचा एकच प्रश्न, "घेतली का?"

"घेतली."

मग म्हणायची, "पाय दे इकडं." मी म्हणायची, कशाला, तूच आजारी, पडून राह्य. ती ऐकायची नाही. मला खाटेवर बसवून माझा पाय ओढून मांडीवर घ्यायची आणि मानेत नळी असताना माझी पोटरी दाबत बसायची, वरपासून खालपर्यंत, बोटं रुतवून. वॉर्डातल्या बाया हसायच्या, पेशंट कोण आणि सोबतीण कोण म्हणून. माझ्या अंगावर काटा यायचा. कोणी अंग चिवडलेलं मला सोसत नाही, मायनंही नाही. पण म्हातारी मरते की जगते हे माहीत नसताना तिच्या हातून पाय कसा ओढून घ्यायचा. दात आवळून बसायची मी.

ती जगली. तिची आग थांबली, झोप आली, पोटरी निवली. गोळ्या अजून चालू आहेत, दोघींच्याही, एकाच डब्यात, आणि महिन्यातून एकदा आम्ही बाईंना दाखवून येतो.

पण किळस संपली असं कोणी समजू नये. डेपोच्या खिडकीत मला एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्हीच का त्या?" गुरुजी फाट्यावर सांगत होते म्हणे, आमच्या कंडक्टर मॅडमना विचारा, त्यांच्या आईंना विचारा, दोघींना जखडून टाकलं होतं वातानं, शेवटपर्यंत पुड्या घेतल्या आणि आज चालतात फिरतात. अकोल्याला निघताना मायनं शेजारणीला सारं सांगितलं होतं, तिच्याकडून ते फाट्यापर्यंत पोचलं. ते नख अजून त्या डब्यात जातंय, आणि आता त्याला आमची साक्ष लागलीय.

आणि मग एक दिवस शेजारीण आली, गुडघ्याला फडकं बांधून. मी घरीच होते, माय अंगणात तुरीची डाळ निवडत होती. "राह्यली असंल त एखांदी पुडी द्या न वं," शेजारीण म्हणाली. "तुमाले दोघीले गुन आला. तुह्या मायनं तुह्यं पुरं केलं, तू मायचं केलं. सारं गाव म्हनून राह्यलं."

मला राहवलं नाही. मायपुढं हे कधी बोलायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. ज्या गोष्टीनं ती वाचली असं तिला वाटतं, ती कशाला काढून घ्यायची, म्हणून. पण त्या बाईचे गुडघे माझ्या डोळ्यांपुढे हलायला लागले.

"मी एक कनही खाल्ला नाही," मी म्हटलं. "मायले खोटं सांगतलं रोज. ते सारं डॉक्टरनं तपासाले घेतलं. त्यात पारा हाय. त्यानंच आमी दोघी मरत होतो."

शेजारीण माझ्याकडे, मग मायकडे बघत राहिली. मायनं मान वर केली नाही. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मले ठाव हाय," ती म्हणाली. "आजवर तू काई पुरं केलं का, त हे करशीन?"

शेजारीण हसली. मी नाही हसले. "ठाव होतं त रोज काऊन विचारत होती?"

"पयल्या दिशी ते पिवळं पानी पाह्यलं थैलीतलं, तवाच समजलं मले काय खाऊन राह्यलो होतो आपन," माय म्हणाली. "मंग लय भेव वाटे. म्हटलं, ही पोरगी एकदा तरी बोललेलं खरं करून त नाही राह्यली न, माह्यापायी. तू हाव म्हने, पन तुह्या हाववर काय भरोसा. म्हनून त रोज पोटरी चाचपत होती."

तिनं शेजारणीला अकोल्याच्या सकाळच्या गाडीची वेळ सांगितली, डॉक्टरीनबाईंचा दवाखाना कुठं आहे ते सांगितलं, आणि पुन्हा डाळीत हात घातला. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि पाय तिच्याकडे सरकवला. मायनं सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि माझी पोटरी मांडीवर घेतली.